सैनिकाचे घर कोठे?

मोटारीला घर सोडून देशभर फिरण्याची मुभा शासनाने २०२१ साली दिली. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपासून ‘बीएच’ मालिकेची नोंदणी अमलात आली आणि सैनिकाची बदली पुण्याहून अंबाल्यास झाली तरी त्या मालिकेतील त्याच्या गाडीची नव्याने नोंदणी करण्याची गरज उरली नाही. एरवी परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या गाडीमागे हे शुक्लकाष्ठ १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने लावूनच दिलेले आहे. सुधारणा योग्य होती, याबद्दल वाद नाही. परंतु जी सोय यंत्राला मिळाली ती यंत्र चालविणाऱ्या माणसाला, आणि विशेषेकरून सैनिकाच्या पाठोपाठ बिऱ्हाड हलविणाऱ्या त्याच्या पत्नीला, अद्याप मिळालेली नाही.

साताऱ्यातील आपशिंगे मिलिटरीसारखी गावे सर्वांना ठाऊक आहेत. जत तालुक्याचे नाव त्या पंक्तीत सहसा घेतले जात नाही. पण पाऊस पाठ फिरवितो आणि शेती पोट भरीत नाही, तेथे तरुणाला सैन्यभरतीचे मैदान दिसते ते देशप्रेमाइतकेच भाकरीच्या ओढीनेही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात, म्हणजे कर्नाटकात. पुढच्या नेमणुका तर त्याहूनही दूर. सैनिक आघाडीवर गेला की पत्नी कधी लष्करी वसाहतीत राहते, कधी उमदी-संखकडच्या एखाद्या वस्तीवर सासू-सासऱ्यांपाशी. मुलाला शाळेत पोहोचविणे, सासूला दवाखान्यात नेणे, बँकेत जाणे ही सारी कामे तिच्यावर, आणि एस.टी.चा भरवसा नाही. दुचाकी ही तिची चैन नव्हे. मात्र पक्क्या परवान्यासाठी पूर्वी सांगलीला जायचे तर जतपासूनच ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता होता, आणि परवान्याशिवाय गाडी चालविली तर २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांचा दंड ५,००० रुपयांवर नेऊन ठेवलेला. अपघात घडलाच तर विमा कंपनी प्रथम परवाना मागते, हे निराळेच.

कायद्यात अडचण नेमकी कोठे आहे? अर्जदार ज्या राज्यात ‘सामान्यतः राहतो’ तेथे त्याने अर्ज करावा, असे कलम ९ सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही कार्यालयात अर्ज करण्याची सोय झाली, पण हे दोन शब्द कायम राहिले. ज्याचे घर गावी, बिऱ्हाड वसाहतीत आणि नोकरी सीमेवर, तो सामान्यतः राहतो कोठे? पत्त्याच्या पुराव्यांत केंद्र शासनाच्या कार्यालयाचे पगारपत्रक चालते. पण पगारपत्रक पतीच्या नावाचे. पत्नीच्या आधारपत्रावर पत्ता जतचा आणि राहणे परराज्यात! मग प्रतिज्ञापत्र आले, नोटरी आली आणि खिडकीबाहेर ताटकळणारा दलालही आला.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कायद्यांत फार पूर्वीपासून आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यापुढे हाच शब्दप्रयोग होता. त्याच्या कलम २० ने ठरविले, की सैनिक नोकरीत नसता तर जेथे राहिला असता तोच त्याचा मतदारसंघ. आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या पत्नीलाही तोच हक्क दिला. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘पत्नी’ऐवजी ‘पती किंवा पत्नी’ असा अर्थ आला, त्यामुळे महिला सैनिकाच्या पतीलाही न्याय मिळाला. मत घेताना सैनिकाचे घर शासनाला अचूक सापडते. परवाना देताना ते हरवते, याला काय म्हणावे?

रजेचा हिशेब तर याहून विचित्र आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस लोटल्याखेरीज चाचणी देता येत नाही. सैनिकाची वार्षिक रजा ६० दिवसांची, तीही एकदम मिळेलच असे नाही. निम्मी रजा वाट पाहण्यात घालवावी काय? परवान्याची मुदत संपल्यावरही तो वैध मानण्याची पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. वर्ष उलटले की पुन्हा चाचणी. नूतनीकरण देशात कोठेही करता येते हे खरे, पण बर्फाळ चौकीवर परिवहन कार्यालय नसते. इंग्रज सरकारनेसुद्धा १९२५ च्या सैनिक खटला कायद्याने आघाडीवरील शिपायाविरुद्धचा दावा थांबविण्याची आणि तो काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद केली होती. अमेरिकेतील अनेक राज्ये बाहेर असलेल्या सैनिकाच्या परवान्याची मुदत आपोआप वाढवितात, काही राज्ये त्याच्या कुटुंबाचीही. आपल्याकडे मात्र जवानांच्या गौरवाची भाषणे तेवढी मुदतीत होतात.

एक तरतूद मात्र गावोगाव पोहोचविण्यासारखी आहे. कलम १८ खाली मिळालेल्या लष्करी परवान्यावर फक्त संरक्षण खात्याची वाहने चालविता येतात. लडाखचे घाट ओलांडणाऱ्याला गावी परतल्यावर खाजगी जीप त्यावर चालविता येत नाही. पण त्याच वर्गाच्या वाहनासाठी नागरी परवाना मागितल्यास त्याला चाचणी द्यावी लागत नाही, असे कलम ९ मध्येच लिहिलेले आहे. हे ठाऊक नसल्याने कोणी माजी सैनिक दलालाला पैसे मोजत असेल, तर ते थांबविणे कार्यकर्त्यांच्या हातात आहे.

चाचणी माफ करा, असे येथे कोणी म्हणत नाही. ज्याला वाहन चालविता येत नाही त्याला परवाना मिळू नये, मग तो कोणाचाही नातलग असो. मागणी एवढीच, की पतीचे पगारपत्रक आणि पलटणीचा दाखला पत्नीच्या पत्त्याचा पुरावा मानावा, गाव किंवा बिऱ्हाड यांतील कोणतेही राज्य निवडण्याचा हक्क कुटुंबाला असावा, आघाडीवरील काळ मुदतीत धरू नये, आणि रजेवर आलेल्यांच्या चाचण्या तालुक्याच्या शिबिरात आधी घ्याव्यात. मुदतीच्या प्रश्नासाठी संसदेकडे जावे लागेल. पण कलम २८ ने राज्यालाही परवान्यांबाबत नियम करण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा मुंबईने दिल्लीकडे बोट दाखविण्याचे कारण नाही.

आणि हा प्रश्न सैनिकांपाशी थांबणारही नाही. दर हंगामात याच जत तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने घराबाहेर असतात. त्यांना ना पलटणीचा दाखला, ना पगारपत्रक. मुकादमाच्या वहीतील नोंद कोणतेही कार्यालय पुरावा म्हणून स्वीकारत नाही. ‘सामान्यतः राहतो’ या शब्दांचा अर्थ सैनिकासाठी उलगडला, की दुसरा अर्ज ट्रॅक्टर हाकणाऱ्या ऊसतोड्याचा असला पाहिजे.