‘सहकार्य करत नाही’ असं मीच लिहिलं होतं



मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली बारावीची एक मुलगी दोन पुस्तकं घेऊन आली. एक मानसशास्त्राचं, एक समाजशास्त्राचं. म्हणाली, “मावशी, पेपरापुरतं पाठ करते, पण याचा आपल्याला उपयोग काय?” नर्सिंगच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षी हे दोन्ही विषय मलाही होते. मीही व्याख्या पाठ केल्या, मार्क घेतले आणि वॉर्डात गेल्यावर सगळं विसरले. ते विसरणं एका माणसाला फार महाग पडलं. तिला मी तीच हकिगत सांगितली, आता तुम्हालाही सांगते.

नोकरीची पहिली-दुसरी वर्षं. माझी ड्यूटी टीबीच्या गोळ्या देण्यावर होती. तेव्हा डॉट्समध्ये आठवड्यातून तीन दिवस गोळ्या मिळायच्या आणि त्या सिस्टरसमोर गिळाव्या लागायच्या. एक बिगारी काम करणारे दादा यायचे. पहिला महिना नीट आले, मग खाडे सुरू झाले. एकदा भर रांगेत मी त्यांना बोलले, “तुम्हाला जगायचं नाही का? सरकार फुकट देतंय तरी तुम्हाला यायला होत नाही!” ते खाली मान घालून उभे राहिले. त्यानंतर आलेच नाहीत. मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

पुढे घरभेटीला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “सिस्टर, तुमचं सेंटर नऊला उघडतं. नाक्यावरून माणसं साडेआठ-नऊलाच उचलतात. गोळी घ्यायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.” आठवड्याला तीन रोज बुडवून गोळी गिळायची आणि त्या जहाल गोळीवर पोटात घालायला भाकर कुठून आणायची? हा प्रश्न आमच्या कार्डावर कुठल्याच रकान्यात नव्हता. मुख्य म्हणजे मीही तो विचारला नव्हता. मी नाक्यावरच्याच माणसाची मुलगी, तरी विचारला नव्हता.

मी जे केलं त्याला मानसशास्त्रात नाव आहे. ली रॉस या अमेरिकन अभ्यासकाने 1977 मध्ये त्यावर लिहिलं. दुसऱ्याचं काही चुकलं की आपण कारण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे बघत नाही. स्वतःवर आलं की मात्र परिस्थिती लगेच दिसते. मला उशीर झाला तर लोकल लेट होती, त्याला उशीर झाला तर तो आळशी.

समाजशास्त्र याच्या पुढचं सांगतं. सी. राइट मिल्स यांनी 1959 च्या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या केल्या, एकट्याची अडचण आणि सगळ्यांचा प्रश्न. लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब तपासा. लाखो माणसं बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काही हाती लागणार नाही, व्यवस्था तपासावी लागेल. मी नंतर आमच्या सेंटरची कार्डं काढून बसले. खाडे करणाऱ्यांत नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, सफाई कामगार. एकही ऑफिसातला माणूस नाही. म्हणजे सहकार्य कोण करत नव्हतं? रुग्ण की सेंटरची वेळ?

हा विचार आपल्याला परका नाही. 9 मे 1916 रोजी पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात कशी तयार झाली आणि पसरली, याचं उत्तर त्यांनी माणसांच्या रक्तात शोधलं नाही. जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आणि वरच्यांचं बघून खालच्यांनी करण्याच्या अनुकरणात शोधलं. आपल्या घरात त्यांचा फोटो असतो, पण त्यांची ही रीत आपण घरात क्वचितच वापरतो.

मुलांचंच बघा. “आमचा हा ढ आहे,” असं पाहुण्यांसमोर किती सहज बोलतो आपण! कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. सहावी-सातवीतली 321 वरच्या जातीची मुलं आणि 321 दलित मुलं. कागदावर वाट शोधायची चक्रव्यूहाची कोडी सोडवायची. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग काही गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. कोडी तीच आणि मुलंही तशीच, पण दलित मुलांची कामगिरी जवळपास पाव हिश्शाने घसरली. बुद्धी अर्ध्या तासात कमी होत नाही. आपल्याला इथे न्याय मिळणार नाही, हे मूल ओळखतं आणि त्याचा हात आखडतो.

म्हणून वर्गात “शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा” असं कोणी म्हणत असेल तर ती बारीक गोष्ट समजू नका. शाळेत जाऊन सांगा, यादी मुलांना उभं न करताही करता येते. शिष्यवृत्ती हक्काची आहे, तिच्यासाठी मान खाली घालायला लावायचं काही कारण नाही.

अजून एक शब्द त्या पुस्तकात आहे, शिकलेली हतबलता. 1967 च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (क्रूर होते, मला वाचवत नाहीत.) काही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही, असं ज्या कुत्र्यांनी अनुभवलं, ती पुढे पळायची वाट मोकळी असतानाही बसून राहिली. हा शब्द आपल्या लोकांना चिकटवणारी शिकलेली माणसं मला आवडत नाहीत. “तुमचे लोक प्रयत्नच करत नाहीत” असं म्हणायला त्यांना तो आयता सापडतो. पण त्या प्रयोगाचा पुढचा भाग ते सांगत नाहीत. त्या कुत्र्यांना दोरीने ओढून पुन्हा पुन्हा सुरक्षित बाजूला नेलं, तेव्हा ती आपोआप उठून जायला लागली. हतबलता जन्माची असती तर असं झालं नसतं.

यातून मी माझं काम बदललं. भाषण कमी केलं, सोबत जाणं वाढवलं. दोनदा हाकलून दिलेल्या बाईला “ताई, जा ना दवाखान्यात” म्हणून काही होत नाही. तिसऱ्यांदा तिच्याबरोबर रांगेत उभं राहावं लागतं, केसपेपर निघेपर्यंत. चौथ्यांदा ती एकटी जाते. रात्ररात्र झोप न लागणं, छातीत धडधडणं, कशातच मन न लागणं, यासाठी 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. तो फोनसुद्धा पहिल्यांदा शेजारी बसून लावून द्या.

विहारातल्या बैठकीत एका दादांनी मला विचारलं, “मग दारू पिऊन बायकोला मारणाराही परिस्थितीचा बळी म्हणायचा का?” नाही. मारणाऱ्याला आधी थांबवायचं, बाईला आधी सुरक्षित करायचं. त्यात परिस्थितीची चर्चा नको. पण गटारात उतरणारा माणूस रोज संध्याकाळी का पितो, हे न विचारता नुसतं ‘दारुडा’ म्हणून मोकळं होणं वेगळं. आणि खरं सांगू? हे वस्तीबाहेरचेच बोलत नाहीत. वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलेली आपलीच माणसं “ते तसेच राहणार” म्हणतात, तेव्हा मला माझं ते कार्ड आठवतं.

आता गोळ्या रोजच्या आहेत, घरी नेता येतात आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. मिळत नसतील तर बँकेचं पासबुक घेऊन सेंटरवर जा आणि विचारा.

ते दादा सात-आठ महिन्यांनी परत आले होते, निम्मे होऊन. उपचार पहिल्यापासून, या वेळी आठ महिने, त्यात दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. मी मोठ्या सिस्टरच्या हातापाया पडून त्यांच्यासाठी सेंटर आठला उघडून घेतलं. टीबी बरा झाला. इंजेक्शनांनी ऐकू येणं मात्र कमी झालं ते कायमचं.

अजून नाक्यावर भेटतात. त्या दिवशी बारावीची ती मुलगी माझ्याबरोबर होती. मी “कसे आहात दादा?” विचारलं. त्यांनी हसून कान पुढे केला. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.