दहा फुटांची बंदूक आणि पाच गुणांचा प्रश्न



गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात मी एक जुना फोटो दाखवला. एक माणूस उभा आहे आणि त्याच्याजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी लांब अशी बंदूक आहे. अख्खा वर्ग ओरडला, "सर, तोफ!" तोफ नाही रे, बदकं मारायची बंदूक आहे, असं सांगितलं आणि पुढची पंधरा मिनिटं कोणी काही ऐकेना. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन आला, "सर, पोरांना बंदुका कशाला दाखवता?" प्रश्न रास्त होता. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

या बंदुकीला 'पंट गन' म्हणतात. पंट म्हणजे सपाट तळाची, पाण्याला चिकटून चालणारी छोटी होडी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खाड्यांत आणि अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात ही बंदूक चालायची. नळी आठ-दहा फूट लांब आणि वजन चाळीस-पन्नास किलोच्या घरात. काहींच्या नळीचं तोंड पाच सेंटिमीटर रुंद असायचं. एका बाराला अर्धा किलो छर्रे सुटायचे. पाण्यावर विसावलेल्या थव्यावर नेम बसला, तर एका बारात पन्नास-पन्नास बदकं पडायची.

"पण सर, उचलायची कशी?" हा वर्गातला पहिला प्रश्न. उचलायचीच नाही! ती होडीतच टेकवलेली असायची आणि शिकारी पोटावर पालथा पडून हळूहळू होडी पुढे सारायचा. नेम धरायचा म्हणजे अख्खी होडी वळवायची. बंदुकीचा दणका खांद्याला सोसणारा नसायचा, म्हणून इंग्लंडमध्ये ती जाड दोराने होडीच्या नाळेला बांधत. बार उडाला की होडीच मागे सरकायची. (नववीला न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना आपण दरवर्षी फुगाच सोडतो. एकदा ही होडी फळ्यावर काढून बघा.) आणि एवढं करून एखादं बदक बिचकलं, थवा उडाला, की रात्रभराची मेहनत पाण्यात.

इथेच वर्गात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अशी अवघड, वेळखाऊ बंदूक बदकं संपवेल कशी? इंग्लंडमध्ये कर्नल पीटर हॉकर यांच्यासारखे हौशी लोक तिच्यावर पुस्तकं लिहीत होते. हॉकर यांचं पुस्तक १८१४ मधलं. तिथे तो बराचसा छंद होता. चेसापीकला मात्र धंदा झाला. तिथला 'कॅनव्हासबॅक' नावाचा बदक पाण्याखालचं एक गवत खाऊन पुष्ट व्हायचा आणि बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलांत त्याला भाव होता. रेल्वे आली, बर्फ मिळू लागला, तशी पिंपं भरभरून बदकं शहरात जाऊ लागली. शिकारी तिथलेच कोळी. एरवी मासे आणि कालवं काढायची, हिवाळ्यात बदकं.

आता आपल्या परीक्षेतला प्रश्न आठवा. 'वन्यजीवांचा ऱ्हास का होतो?' आणि ठरलेलं उत्तर: 'मानवाच्या हव्यासामुळे.' मी स्वतः वर्षानुवर्षं त्याला पूर्ण गुण दिलेत. माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर चुकीचं नसलं तरी आळशी आहे. कोणता मानव? थंडीत होडीत पालथा पडलेला कोळी, की ताटात बदक मागवणारा गिऱ्हाईक? की मधला व्यापारी? 'मानव' म्हटलं की सगळेच दोषी ठरतात, आणि मग कोणालाच काही करावं लागत नाही.

बंदी कशी आली तेही मुलांना सांगावं. अमेरिकेत काही राज्यांनी आधी बंदुकीवरच कायदे केले. लोक रात्री दिवे घेऊन जाऊ लागले. १९०० साली लेसी कायदा आला. राज्याचा कायदा मोडून मारलेली शिकार दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरलं. मग १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची विक्रीच बंद केली. धंदा बसला तो तेव्हा. चोरून शिकार पुढेही बरीच वर्षं चालली, जप्त झालेल्या बंदुका आज तिथल्या संग्रहालयांत आहेत. १९३४ पासून तर पाणबदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो. ब्रिटनमध्ये पंट गन आजही कायदेशीर आहे, फक्त नळी पावणेदोन इंचांपेक्षा रुंद नको.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण बंदूक गेल्यावर काही दशकांनी पाणी गढूळ झालं, ते गवत कमी झालं, आणि १९७२ च्या ॲग्नेस वादळानंतर सस्क्वेहाना नदीच्या मुखाजवळचं उरलंसुरलंही जवळजवळ संपलं. २००० नंतर ते पुन्हा वाढू लागलं. कॅनव्हासबॅकचे पूर्वीसारखे थवे मात्र तिथे दिसत नाहीत. शेतातून वाहून येणाऱ्या खतावर बंदी घालणं बंदुकीइतकं सोपं नाही, हे आमच्या मुलांना लगेच कळलं. घरी शेती आहे ना.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, त्या माणसाला हिवाळ्यात दुसरं काम होतं का?" त्याचे वडील धरणाच्या फुगवट्यात जाळं टाकतात. मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला होता का, असंच मनात आलं. त्या फोन करणाऱ्या पालकांना मी हाच प्रश्न सांगणार आहे. बंदूक दाखवली नसती तर तो वर्गात आलाच नसता.

या सत्रात मी प्रश्न बदललाय: 'ही बंदूक कोणी बंद पाडली? पाच गुण.' उत्तरं तपासायला दुप्पट वेळ लागतो, कारण सगळ्यांची वेगळी येतात. कोणाला वर्गात घ्यायचं असेल तर दोन तासिका धरा. पहिली "सर, तोफ!" यातच जाते.