न्यायसहायक विज्ञान आणि परदेशगमन

जयपुरात पिढीजात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत, विशेषतः खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातून सोने गाळण्याच्या धंद्याने देशोदेशी पांगलेल्या गलाईवाल्यांच्या घरांत, रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या एखाद्या मुलीने न्यायसहायक विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडास जाण्याचा मनोदय बोलून दाखविला, की दोन मते तत्काळ पुढे येतात. एक मत असे, की ही विद्या मुळात तिकडचीच, आपल्याकडे ना यंत्रे ना शास्त्र, तेव्हा जाणे अपरिहार्यच होय. दुसरे मत असे, की तिकडचा कायदा निराळा, गुन्हे निराळे, तेव्हा एवढा खर्च केवळ प्रतिष्ठेसाठी करणे हा अविचार होय. मला ही दोन्ही मते त्याज्य वाटतात. तरीही जाण्याच्या बाजूने मी उभा आहे, आणि त्याचे कारण या दोहोंपेक्षा निराळे आहे.

पहिल्या मताला इतिहासाचाच आधार नाही. बोटांच्या ठशांचे जे वर्गीकरण हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर रूढ झाले, ते बंगालच्या पोलीस खात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या गणिती परिश्रमांतून सिद्ध झाले. कलकत्त्यातील ठसे-कार्यालय १८९७ मध्ये सुरू झाले आणि लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तशी शाखा १९०१ मध्ये निघाली. सागर विद्यापीठाने १९५९ मध्येच या विषयाच्या अध्यापनास प्रारंभ केला. लेस्टरमध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए-ठशांचे तंत्र शोधल्यानंतर अवघ्या चार वर्षांत हैदराबादेत लालजी सिंह यांनी त्याचे स्वतंत्र भारतीय तंत्र उभे केले. गुजरातने २००८ मध्ये स्थापिलेले आणि २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा पावलेले गांधीनगरचे विद्यापीठ आज युगांडातील जिंजा येथे आपली शाखा चालविते. अशा देशातील विद्यार्थ्याने केवळ यंत्रे पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा, हे मला पटत नाही.

शिवाय न्यायालयात आपला पुरावा ढासळतो तो बहुधा यंत्राअभावी नव्हे. १३ मे २००८ रोजी याच जयपूर शहरात झालेल्या साखळी स्फोटांत सत्तराहून अधिक निरपराध माणसे बळी पडली. त्या खटल्यात डिसेंबर २०१९ मध्ये चौघांना देहदंड फर्मावला गेला आणि २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने, पुराव्यांची साखळी पूर्ण होत नाही व तपास सदोष आहे असे सांगून, त्यांना निर्दोष सोडले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न फुटलेल्या बॉम्बच्या स्वतंत्र खटल्यात २०२५ मध्ये जन्मठेपही झाली. तेव्हा खरा अपराधी कोण, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु पंचनाम्यापासून मुद्देमालाच्या मोहोरेपर्यंत एक दुवा निखळला, तर येथल्या नेहरूनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत कितीही मोलाचे उपकरण असले तरी त्याचा उपयोग नाही, आणि पंधरा वर्षे वाट पाहणाऱ्या कुटुंबांच्या पदरी काही पडत नाही, हे मात्र या शहराने सोसलेले सत्य आहे.

दुसऱ्या मतात अर्धे तथ्य आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडसारख्या धान्यात ठेवावयाच्या औषधाने होणाऱ्या विषबाधा आपल्याकडे जितक्या आढळतात, तितक्या विलायती प्रयोगशाळेत दिसणार नाहीत. आपली दंडसंहिता तेथे कोणी शिकविणार नाही. पण अनुमान कसे करावे, हा विषय मुलखागणिक बदलत नाही.

तेव्हा जावयाचे कशासाठी? स्वतःच्या मतावर संशय घेण्याची शिस्त शिकण्यासाठी. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील ऑरेगॉनच्या एका वकिलाचा आहे, असे तेथील संघीय तपाससंस्थेच्या निष्णात परीक्षकांनी निःशंकपणे सांगितले, न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला, आणि तो निरपराध इसम अटकेत असतानाच स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन मनुष्याचा असल्याचे दाखवून दिले. प्रगत देशही चुकतो, हे यातले महत्त्वाचे नव्हे. त्या चुकीची सरकारी चौकशी होऊन तिचा सविस्तर अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज तो अभ्यासाचा विषय आहे, हे महत्त्वाचे. हीच शिस्त इंग्लंडातही दिसते. तेथील फौजदारी कार्यपद्धतीत तज्ज्ञाने आपल्या अहवालात भिन्न मतांचा आवाका नमूद करावा, असे बंधन आहे. फिर्यादी पक्षाचे म्हणणे खरे धरल्यास हा पुरावा आढळण्याचा संभव किती आणि बचावपक्षाचे खरे धरल्यास किती, हे दोन्ही तोलूनच मत द्यावे, असे तेथे शिकविले जाते. गलाईवाला सोन्याला नुसते 'शुद्ध' म्हणत नाही, कस आकड्यात सांगतो. मनुष्याच्या स्वातंत्र्याचा निवाडा करणाऱ्या शास्त्राने याहून ढिले का असावे?

ही शिस्त आपल्याकडे अधिकच निकडीची आहे. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीस न बोलाविताही, पुरावा म्हणून वापरण्याची मुभा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ ने होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ ने आहे. उलटतपासणीची कसोटी अनेकदा लागतच नाही. म्हणून मर्यादांची कबुली अहवालाच्या कागदावरच उमटली पाहिजे. आणि त्याच संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविले असून राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांपर्यंत अवधी दिलेला आहे. एवढी तज्ज्ञ माणसे कोठून यावयाची?

व्यवहाराचे दोन शब्द सांगणे भाग आहे. ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी भारतात मान्य व्हावी, असा करार जुलै २०२२ मध्ये झाला, हे खरे. तरी प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतील अर्हता प्रवेशापूर्वीच वाचावी. अभ्यासक्रमास तेथील न्यायसहायक विज्ञानाच्या सनदी संस्थेची मान्यता आहे की नाही, हे दलालाच्या शब्दावर सोडू नये. तिकडेच नोकरी मिळेल या आशेवर घर गहाण ठेवणे तर सर्वथा वर्ज्य मानावे, कारण इंग्लंडची सरकारी न्यायवैज्ञानिक सेवा २०१२ मध्ये बंद झाली आणि पोलिसांकडील जागांसाठीच्या चारित्र्यपडताळणीत तेथील काही वर्षांच्या वास्तव्याची अट आडवी येते. जाण्यापूर्वी मात्र या मुलीने जयपूरच्या सत्र न्यायालयात काही दिवस मागच्या बाकावर बसून तपासी अंमलदाराची उलटतपासणी ऐकावी, आणि मुद्देमालाची मोहोर केव्हा, कोणासमक्ष, कोणाच्या ताब्यात असताना झाली या प्रश्नावर त्याची जबानी कोठे अडखळते, ते टिपून घ्यावे. तेथल्या प्राध्यापकांस विचारावयाचे पहिले प्रश्न तिला याच टिपणांत सापडतील.