जोड कुणी लावली?

बॉक्सर विजेंदर सिंग उतरणीला कधी लागला? या वादात बहुतेकांचं बोट एकाच तारखेवर पडतं : १९ मार्च २०२१. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंगण बांधलेलं होतं. समोर रशियाचा आर्तिश लोप्सान. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्याआधी व्यावसायिक रिंगणात विजेंदरच्या बारा लढती झाल्या होत्या, आणि बाराही त्याने जिंकल्या होत्या. तेरावी गेली. मग उतार तिथूनच धरायचा. वयही पस्तीस होतं, म्हणजे हिशेब चोख जमतो.

फारच चोख जमतो. म्हणूनच तो तपासून घ्यावा.

या वादात एक नाव कुणी काढत नाही. अब्बोस अतोएव. उझबेकिस्तानचा, विजेंदरच्याच ७५ किलो गटातला. २००९ साली मिलानच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याने विजेंदरला ७-३ असं हरवलं आणि पुढे जगज्जेतेपद नेलं. विजेंदर कांस्यपदक घेऊन आला. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीला पुन्हा हेच दोघे. या वेळी विजेंदर ७, अतोएव ०. चालू जगज्जेत्याला एकही गुण घेऊ दिला नाही. ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी. तिसरी गाठ. अतोएव १७, विजेंदर १३.

गडी तेच, वजन तेच. सात-शून्याचं तेरा-सतरा व्हायला दोन वर्षंही लागली नाहीत. गोव्याचं जहाज तेव्हा साडेआठ वर्षं लांब होतं.

एका लढतीवरून माणूस संपला म्हणू नये, हे कबूल. तेरा-सतरा म्हणजे काही चितपट नव्हे. अतोएवही त्या दोन वर्षांत काही शिकला असेल. पण या तीन लढतींत एक गोष्ट आहे, जी पुढच्या बारा विजयांत नाही. अतोएव विजेंदरसमोर कुणी आणून उभा केला नव्हता. तो स्पर्धेत एकेक फेरी काढत समोर आला. टाळायची सोय नव्हती.

खुटबाव, यवत, केडगाव पट्ट्यात यात्रेच्या आखाड्याला कडेने बसणाऱ्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. पैलवान जिंकला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, जोड कुणी लावली? कमिटीने पत्रकावर एक नंबरची कुस्ती वर छापलेली असते, इनामाचा आकडा त्याहून ठळक. म्हातारा तो आकडा वाचतच नाही. तो समोरचं नाव वाचतो. गडी तोडीचा आहे की नावापुरता? नाव मोठं आणि दमसास संपलेला असा एखादा सोडला, हलगी कडाडली, दोन मिनिटांत पाठ लागली, फेटा बांधला, की टाळ्या पडतातच. पण तेवढ्यावरून पैलवान भरात आहे असं तिथे कुणी बोलत नाही. काटा जोड असली आणि अर्धा तास खडाखडी होऊन कुस्ती बरोबरीत सोडवली, तर मात्र बोलतात. मग त्या बरोबरीची किंमत विजयाहून जास्त धरली जाते.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही कमिटी म्हणजे प्रवर्तक. जोड तो लावतो, तारीख तो ठरवतो, तिकिटं तो विकतो. न हरलेला मल्ल हा त्याचा माल. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईला विजेंदरने घानाच्या चार्ल्स अदामूला हरवलं आणि बाराचा आकडा पुरा झाला. अदामूचं वय तेव्हा ४२ होतं. मथळ्यात बारा आला, बेचाळीस बातमीच्या पोटात गेला. सगळ्याच जोडी अशा नव्हत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या डोममध्ये चीनचा झुल्पिकार मैमैतियाली समोर होता. पोरगा तरुण होता, दहाही फेऱ्या टिकला आणि लढत गुणांवर सुटली. त्या रात्री विजेंदरला घाम फुटलेला मुंबईने पाहिला. पण त्यानंतर डिसेंबरात जयपूरला एक लढत झाली, आणि मग जुलै २०१९ पर्यंत लढतच नाही. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक मात्र लढून झाली. या दीड वर्षात तो भरात होता की नव्हता? आकडा सांगतो, अजिंक्य. जो रिंगणात उतरतच नाही तोही अजिंक्यच असतो.

जोड लागलीच नाही तर काय होतं, ते महाराष्ट्राने २०१६ मध्ये जवळून पाहिलं. कुस्तीच्या ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकला कोण जाणार? सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१५ मध्ये लास वेगासला जागतिक कांस्य जिंकून भारतासाठी जागा मिळवली होती. सुशीलकुमार म्हणत होता, चाचणीची एक कुस्ती घ्या. सुशील ३३ वर्षांचा, दोन ऑलिंपिक पदकांचा धनी. तो संपला, असं इकडचे म्हणत. अजून आहे, असं दिल्लीकर म्हणत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जूनला चाचणीची मागणी फेटाळली गेली. कायद्याने ते बरोबरच असेल. जागा ज्याने कमावली त्याच्या बाजूने माझंही मत होतं. पण सहा मिनिटांत मॅटवर मिटला असता तो प्रश्न वकिलांनी हाताळला, आणि सुशील त्या वर्षी कुठे होता हे कायमचं अंधारात राहिलं. सुशीलचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं, तेही दोन तोंडांनी. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम फेरी त्याने दीड मिनिटाच्या आत १०-० अशी संपवली. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत बहरीनच्या ॲडम बातिरोव्हकडून पहिल्याच कुस्तीत ३-५ असा गेला. चार महिन्यांत कुणी म्हातारा होत नाही. राष्ट्रकुलात जी जोड नव्हती ती आशियाईत होती, इतकंच.

माणूस केव्हा ओसरला हे सर्वांत आधी कुणाला कळतं? जो त्याच्याशी जोड मागायला टपलेला असतो त्याला. बॉक्सिंगमधला मिडलवेटचा मार्व्हिन हॅगलर १९८० पासून जगज्जेता होता. मार्च १९८६ मध्ये त्याने जॉन मुगाबीला अकराव्या फेरीत झोपवलं. जगाने विजय मोजला. रिंगणाशेजारी बसलेल्या शुगर रे लिओनार्डने मात्र हॅगलरला किती ठोसे बसले ते मोजलं. चार वर्षांत एकच लढत खेळलेला हा माणूस त्यानंतर जोड मागायला उठला. पंधराऐवजी बारा फेऱ्या, रिंगण मोठं, अशा अटी त्याने पदरात पाडून घेतल्या. एप्रिल १९८७ मध्ये तो निसटत्या गुणांनी जिंकला. हॅगलरचे चाहते तेव्हापासून भांडताहेत : आमचा गडी त्या दिवशी भरात नव्हताच. बरोबर. असता तर लिओनार्ड आला असता का?

विजेंदरच्या बाबतीत लोप्सानही शोधूनच आणलेला होता. वय २६, गाठीशी जेमतेम सहा लढती, पण उंची सहा फूट चार इंच. विजेंदर सोळा महिन्यांनी रिंगणात उतरत होता, आणि त्याच्यासाठी ही जोड हलकी समजली गेली असावी. ती तशी निघाली नाही. त्या रात्री काही ढासळलं असेल तर ते जोड लावणाऱ्यांचं गणित. विजेंदरचा उतार त्याआधीच झाला होता, आणि त्याची नोंद लंडनच्या गुणफलकावर आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला विजेंदर पुन्हा उतरला. घानाच्या इलियासू सुलेला त्याने दुसऱ्या फेरीत गारद केलं. सुले तोवर आठ लढती खेळून आठही जिंकलेला, असं ठळक छापून आलं. ते आठ जण कोण होते, हे मात्र एकाही बातमीत माझ्या वाचनात आलं नाही.