पट थांबला, पोट कुठं थांबतं?

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. माझा भाचा मोबाइलवर फ्रान्समधली ल मांची मोटार शर्यत बघत होता. चोवीस तासांची शर्यत. एका गाडीला तीन चालक, आळीपाळीने रात्रंदिवस गाडी पळवायची. एरवी ती जूनमध्ये होते आणि लाखो लोक बघायला जमतात. त्या वर्षी करोनामुळे ती १९-२० सप्टेंबरला ढकलली गेली आणि प्रेक्षकांविना झाली. त्याच मालिकेतली अमेरिकेतल्या सेब्रिंगची मार्चमधली शर्यत तर रद्दच झाली होती. तरी नोव्हेंबरमध्ये बहारीनला हंगाम पूर्ण झाला.

शेजारी चाचा बसले होते. रिकाम्या गॅलऱ्या बघून म्हणाले, "मानसंच नाहीत, तं हे पळून कोनासाठी राह्यले?"

चाचा नालबंद. मूर्तिजापूरकडचे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका खुराला दोन पत्र्या लागतात. एका बैलाला आठ, जोडीला सोळा. बैल दोराने आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि खिळा जिव्हारी लागणार नाही असा ठोकायचा. अमरावती-अकोल्याकडचे बैलबाजार, जत्रा आणि शंकरपट हे त्यांचं वर्षाचं कॅलेंडर. पटात पळणारी जोडी त्यांच्याकडे येवो न येवो. पट बघायला आलेला शेतकरी आपली कामाची जोडी त्यांच्याकडे आणायचा.

आपल्या वऱ्हाडात खरीप आवरला की पटाचे दिवस येतात. तळेगाव दशासरच्या पटाचं नाव तर दूरवर आहे. जोडी काही सेकंद पळते, पण तेवढ्यासाठी माणूस दिवसभर उभा राहतो, भजी खातो, घुंगरू-कासरे घेतो, ओळखीपाळखी काढतो. जोडी पाटलाची, धुरकरी दुसऱ्या गावचा, पत्र्या ठोकणारा मुसलमान, चहावाला आणखी कोणी. २०२० च्या उन्हाळ्यात भाजीवाल्याला आधी नाव विचारण्यापर्यंत गोष्ट गेली होती. पटावर असं नाव विचारल्याचं मला आठवत नाही. तिथं विचारायचे ते एवढंच, की हात कसा आहे.

हा पट तसा महामारीच्या आधीच अडला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, पण प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. बंदीच्या काळात जत्रा आणि बैलबाजार तेवढे उरले होते. ते करोनाने नेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आपल्याकडेच आधी दिसू लागली आणि २२ तारखेपासून अमरावती, अचलपूर पुन्हा बंद झाले. १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली, तोवर ओमायक्रॉन दारात उभा होता. पुणे जिल्ह्यातल्या लांडेवाडीची १ जानेवारी २०२२ ची शर्यत ऐनवेळी रद्द झाली. शेवटी १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला.

गर्दी थांबवणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातूनही जनाजे निघाले. बैलाला काठी-चाबूक लावू नये, पशुवैद्यकाने त्याला तपासावं, या अटीही मला मान्य आहेत. ज्याच्या जिवावर खेळ, त्याच्या जिवाची काळजी आधी.

माझं म्हणणं वेगळं आहे. ल मांची शर्यत प्रेक्षकांविना होऊ शकली, कारण तिच्यामागे मोटार कंपन्या आणि टीव्हीचा पैसा आहे. पटाचं तसं नाही. पटाचा पैसा गर्दीतूनच येतो. गर्दी नाही तर पट नाही. इतकी वर्षं कोर्टात, विधानसभेत, वर्तमानपत्रांत वाद झाला तो बैलाचा, मालकाचा आणि परंपरेचा. पटाच्या कडेला बसणाऱ्याचं नाव कुठल्या कागदावर आलंच नाही. म्हणून पट बंद झाला तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही आणि सुरू झाला तेव्हाही कोणी बोलावलं नाही.

एका पटाला चाचांनी जागेचे पैसे आधी भरले होते. पट झाला नाही, पैसेही परत आले नाहीत. रक्कम लहान होती, म्हणून कोणाला त्याची लाज वाटली नाही.

यावर उपाय अवघड नाही. पटाच्या परवानगीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातोच. त्याला दुकानदार आणि कारागिरांची यादी जोडावी. पट रद्द झाला तर जागेचे पैसे आठवड्यात परत मिळावेत. जोड्यांच्या प्रवेश फीमधून थोडी रक्कम वाईट वर्षासाठी बाजूला ठेवावी. मंडळांनी मनावर घेतलं तर यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही.

पट पुन्हा सुरू झाले तेव्हा मी चाचांना म्हटलं, "आता चांगलं झालं ना?" त्यांनी हातोडी दाखवली. दांडा वाळवीने खाल्ला होता. म्हणाले, "पट पुढच्या वर्सी बी भरन. पन गेल्या वर्साची भाकर या वर्सी थोडीच खाता येते?"