समुद्राच्या पाण्यातला वारसा

हवाई बेटांच्या उथळ, वालुकामय किनाऱ्यांवर माकुलाच्या कुळातला एक लहानसा प्राणी राहतो. शास्त्रज्ञ त्याला युप्रिम्ना स्कोलोप्स म्हणतात. पुरता वाढला तरी अंगठ्याएवढाच असणारा हा जीव दिवसभर वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि अंधार पडल्यावर भक्ष्याच्या शोधात निघतो. चांदण्या रात्री उथळ पाण्यात पोहणाऱ्याची काळी आकृती खालून पाहणाऱ्या शत्रूच्या नजरेस सहज पडावी. परंतु या माकुलाच्या पोटाच्या बाजूस एक प्रकाशेंद्रिय असते, आणि वरून जेवढे चांदणे येते तेवढाच उजेड ते खाली सोडीत असल्यामुळे त्याची छाया पाण्यात विरून जाते. हा उजेड मात्र त्याचा स्वतःचा नव्हे. तो व्हिब्रिओ फिशेरी नावाच्या जीवाणूंचा असतो, आणि ते जीवाणूही विरळ पाण्यात एकेकटे असताना प्रकाशत नाहीत. आपण सोडलेल्या एका रसायनाचे प्रमाण भोवती पुरेसे वाढले, म्हणजे आपली दाटी झाली, असे त्यांना कळल्यावरच ते उजळतात, ही गोष्ट हेस्टिंग्ज, नीलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवून दिली.

या मैत्रीची रीत विलक्षण आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाच्या देहात यांपैकी एकही जीवाणू नसतो. आईकडून त्याला प्रकाशेंद्रियाचा अपुरा आराखडा तेवढा मिळतो. त्या इंद्रियाच्या दोन्ही बाजूंना केसाळ उपांगे असतात, ती पाण्याचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतात आणि श्लेष्मात त्यातील जीवाणू अडकवितात. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सामान्यतः दहा लाखांच्या घरात जीवाणू असावेत आणि त्यांत आपल्या या व्हिब्रिओचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असावे, तरीही काही तासांच्या आत नेमके तेच निवडले जाऊन सूक्ष्म छिद्रांतून आतल्या कप्प्यांत पोहोचतात. मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि एडवर्ड रूबी यांनी कित्येक दशके या एकाच जोडीचा पाठपुरावा केला, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते मला आजच्या जीवशास्त्रातील अत्यंत मोलाचे ज्ञान वाटते. आत स्थिरावलेल्या जीवाणूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे यजमानाला संदेश देतात, आणि त्या संदेशासरशी पाहुण्यांना आत आणणारी ती उपांगे चारपाच दिवसांत झडून जातात. हे तुकडे डांग्या खोकल्याच्या जंतूच्या ज्या विषाने मनुष्याच्या श्वासनलिकेतील केसाळ पेशींचा नाश होतो, त्याच जातीचे आहेत. एके ठिकाणी जे रसायन व्याधी, तेच दुसऱ्या ठिकाणी देहाची घडण. प्रकाश न देणारे उत्परिवर्तित जीवाणू कप्प्यात शिरले तरी त्यांची संख्या तेथे फार काळ टिकत नाही. जो उजळत नाही त्याला माकुल आश्रय देत नाही.

दररोज पहाटे हे माकुल आपल्या कप्प्यांतील जवळजवळ ९५ टक्के जीवाणू समुद्रात सोडून देते, आणि उरलेल्यांतून दिवसभरात पुन्हा भरती होते. प्रौढांची वस्ती जेथे दाट, तेथील पाण्यात व्हिब्रिओंचे प्रमाणही अधिक आढळते. पुढील पिढीची ठेव आधीची पिढी अशी पाण्याच्या स्वाधीन करून जाते, आणि पिलू जन्मल्यावर ती पाण्यातून उचलते. आईबापांच्या देहातून जे मिळते तोच काय तो वारसा, ही आपली समजूत येथे अपुरी पडते.

वन्यजीवांच्या संरक्षणाचा आपल्याकडील बंदोबस्त मात्र याच समजुतीवर उभा आहे. प्रवाळांचे उदाहरण घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचे नाव आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या ज्या समुद्रात ते आढळतात त्याचा समावेश १९८७ साली स्थापन झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात झालेला आहे. हे योग्यच झाले. पण कित्येक प्रवाळांची तरंगती पोरे खडकावर घर करण्यापूर्वी तेथील जीवाणूंचा थर पारखून घेतात, आणि त्या थराचे नाव कोणत्याही अनुसूचीत नाही. हायड्रॉइडिस एलेगन्स हा जहाजांच्या बुडाला चिकटणारा, चुनखडीची नळी बांधणारा किडा घेतला तर गोष्ट आणखी स्पष्ट होते: जीवाणूंचा थर लाभल्याखेरीज त्याची अळी रूपांतर करूच शकत नाही, आणि २०१४ साली असे उघडकीस आले की एका विशिष्ट जीवाणूने तयार केलेल्या, पिचकारीसारख्या आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म रचना हे रूपांतर सुरू करून देतात.

किनारी पाण्याच्या दर्जाची सरकारी मोजदाद आम्लता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा आणि मैलापाण्यातील जंतू यांसारख्या कसोट्यांवर ठरते. या नोंदवहीत जीवाणू येतात ते आरोपी म्हणून. मैलापाण्याच्या जंतूंची दखल घेतलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्याच पाण्यात जीवांच्या जडणघडणीचा जो भाग वाहत असतो, त्याला आपल्या दप्तरात जागा असू नये हे मला अन्यायाचे वाटते. कोणी म्हणेल की जीवाणू सर्वत्र असतात, आज गेले तर उद्या येतील. व्हिब्रिओचे उदाहरण याच्या उलट सांगते: तो विरळ आहे, यजमानाच्या वस्तीला बांधलेला आहे, आणि वस्ती उठली की त्याची ठेवही ओसरते. शिवाय जीवाणूरहित ठेवलेले माकुल प्रयोगशाळेच्या टाकीत जेवते, वाढते, धडधाकट दिसते. शिरगणतीत ते बिनतक्रार मोजले जाईल. त्याची उणीव उघडी पडायची ती चांदण्या रात्री, समुद्रात, शत्रूच्या नजरेखाली. केवळ प्राण्यांची संख्या मोजून संरक्षणाचा हिशेब पुरा झाला असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

उपाय अवघड नाही. १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे, आणि कोकणात जीवशास्त्र शिकविणारी महाविद्यालयेही आहेत. मालवण अभयारण्याच्या हद्दीतील पाण्याचे व खडकांवरील थराचे नमुने नेमक्या ठिकाणांहून, नेमक्या ऋतूंत, वर्षानुवर्षे घेऊन त्यांतील जीवाणूंची फेरिस्त ठेवण्याचे काम शासनाने या संस्थांकडे सोपवावे, त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि किनाऱ्यावर नवा प्रकल्प मंजूर करताना ती फेरिस्त पाहणे बंधनकारक करावे. पहिले नमुने पावसाळ्यापूर्वीच घेतलेले बरे. कारण एकदा खाड्यांना पूर येऊन गोडे पाणी समुद्रात पसरू लागले, म्हणजे मूळ स्थिती कोणती होती हे सांगण्यास पुढचा उन्हाळाच उजाडावा लागेल.