अडखळतो तो पॅच, बदनाम होतो तो मेसेज

‘प्युअर डेटा’ किंवा ‘मॅक्स’ या ध्वनीसाठीच्या दृश्य प्रोग्रॅमिंग भाषांचा विषय निघाला की पुण्यातल्या ध्वनीवाल्यांत एक शेरा हमखास ऐकू येतो: चौकोन आणि तारा जोडून पॅच बनवणं प्रयोगापुरतं ठीक, पण एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला मेसेज पाठवत बसायचं म्हणजे वेगाचा बळी. पुरावा म्हणून अडखळणारा आवाज ऐकवतात. आवाज अडखळतो हे खरंच. दोष मात्र भलत्याच्या माथी मारला जातो.

मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स घडवलं, पुढच्या दशकात प्युअर डेटा. दोन्हींत ध्वनी मेसेजमधून वाहतच नाही. नावापुढे ~ असलेल्या ऑब्जेक्टांचा क्रम आधीच लावून ठेवलेला असतो आणि प्युअर डेटात एका वेळी ६४ नमुन्यांचा गठ्ठा त्यातून जातो; सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने तो जेमतेम १.४५ मिलिसेकंदांचा. मेसेज निघतो फक्त काही घडलं तर. तंबोऱ्याचा पॅच घ्या. पंचम, जोडी, खर्ज. एकेका छेडीला एखाद-दुसरा मेसेज. त्याच सेकंदात सिग्नलची बाजू ४४,१०० नमुने मोजून मोकळी होते. खर्च कुठे होतो ते उघड आहे.

मग अडखळणं येतं कुठून? मेसेज सुटला की त्याची सगळी साखळी संपेपर्यंत पुढचा गठ्ठा थांबतो. कुणी एका मेसेजवर हजारो फेऱ्यांचं गणित लावतो, वर प्रत्येक फेरीला आकडा कन्सोलवर छापतो. बफर रिकामा पडणारच! कुणी आवाजाची पातळी थेट मेसेजनेच झटक्याझटक्याने हलवतो आणि खरखर ऐकू आली की सॉफ्टवेअरला शिव्या देतो. तिथे पातळी सलग सरकवणारा ‘लाइन~’ हवा. गठ्ठ्याच्या आतली नेमकी वेळ साधायची तर ‘व्हीलाइन~’. सी++मध्ये ध्वनीच्या थ्रेडवर फाइल उघडून बसलात तरी हीच गत होते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. प्युअर डेटाचे मेसेज आणि ध्वनी एकाच थ्रेडवर चालतात. प्रोसेसरचे बाकीचे गाभे बसून राहतात. ‘पीडी~’ने काम दुसऱ्या प्रोसेसकडे देता येतं, पण ते सुटसुटीत नाही.

तरीही मेसेज म्हणजे मंदपणा, हे निदान पुण्यात तरी कुणी म्हणू नये. १९८८मध्ये इथे सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. स्वतःची वेगळी स्मृती असलेले ट्रान्सप्युटर प्रोसेसर त्यात एकमेकांना मेसेज पाठवूनच काम करत. तिथे मेसेज खरोखर तारेवरून जायचा. प्युअर डेटात तो आतल्या आत केलेला साधा फंक्शन कॉल असतो. पुढच्या परम ८६००मध्ये इंटेलची आय८६० चिप आली. इरकामच्या वर्कस्टेशनमध्येही तीच चिप होती, आणि तिच्यावर मॅक्स मैफलीत प्रत्यक्ष वेळेत वाजत होतं.

तेव्हा भाषा बदलण्याआधी पॅचमधले ‘प्रिंट’ काढा, फेऱ्या तपासा, न वाजणारे भाग ‘स्विच~’ने बंद करा. एवढं करूनही आवाज तुटला, तर तेवढा एक भाग सीमध्ये लिहून एक्स्टर्नल म्हणून त्याच पॅचमध्ये जोडा.